भीती खुर्चीच्या दोन्ही बाजूंना

१९९८च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझा एक शाळेपासूनचा मित्र ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याची खालची दाढ किडली होती आणि गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. मी त्याला स्कूटरवर मागे बसवून एका दंतवैद्याकडे घेऊन गेलो. बाहेर बसलेल्या मुलीने एक छापील कागद भरायला दिला. नाव, वय, पत्ता आणि शेवटी ‘इतर काही आजार’. वर्षभरापूर्वी त्याच्या रक्ताची तपासणी झाली होती, आणि तिथल्या बाईंनी त्याला बजावून सांगितले होते की डॉक्टरपासून काही लपवायचे नाही. त्याने प्रामाणिकपणे तीन अक्षरे लिहिली : एच.आय.व्ही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी कागद वाचला. खुर्चीत बसवून, हात मागे ठेवूनच तोंडात नजर टाकली आणि म्हणाले, “हे काम इथे होणार नाही. मोठ्या इस्पितळात जा.” ते ओरडले नाहीत, अपमानही केला नाही. फी घेतली नाही. आम्ही जिना उतरलो. पावसात स्कूटर सुरू करताना मी त्याला म्हणालो, “पुढच्या वेळी लिहू नकोस.” त्याने माझे ऐकले. चार दिवसांनी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या दवाखान्यात त्याने तो रकाना कोरा सोडला आणि अर्ध्या तासात दाढ निघाली.

तो मित्र २००१ साली गेला. तेव्हापासून दोन प्रश्न माझ्या मनात राहिले. त्या पहिल्या डॉक्टरांचे चुकले का? आणि माझे चुकले का?

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. न्यायालयाबाहेर टायपिंगचे काम करता करता निकालपत्रे वाचायची सवय लागली, एवढेच माझे शिक्षण. त्या सवयीनेच पुढे मला अमेरिकेतल्या एका निकालापर्यंत नेले. त्यातला प्रश्न अगदी माझ्या मित्राचाच होता, आणि तो निकाल लागला होता त्याच पावसाळ्यात, २५ जून १९९८ रोजी. मात्र तो निकाल नीट समजायचा तर त्याच्या आधीची एक दुसरी हकीकत माहीत असावी लागते. त्यात दंतवैद्य आणि रुग्ण यांच्या जागा उलट होत्या. या लेखात त्या दोन्ही हकीकती शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत.

उघड्या हातांचा काळ

साथीच्या काळात दंतवैद्याचा प्रश्न इतर डॉक्टरांपेक्षा वेगळा का, हे आधी पाहू. दंतवैद्याचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. लाळ आणि रक्त त्याच्या कामात रोजचेच. दात कोरण्याचे यंत्र मिनिटाला लाखो फेऱ्यांनी फिरते आणि त्यावर पाण्याचा फवारा सुरू असतो, त्यामुळे तोंडातले कण हवेत उडतात. दिवसभरात एकाच खुर्चीत अनेक माणसे बसून जातात. शिवाय बहुतेक दवाखाने एकट्या डॉक्टरचे. उपकरणे कशी धुतली, किती वेळ उकळली, हे पाहायला वर कोणी नसते.

एवढे असूनही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जगभरचे बहुसंख्य दंतवैद्य उघड्या हातांनी काम करत. हातमोजे शस्त्रक्रियेसाठी, भरणे, घासणे, माप घेणे यासाठी नाही. बोटाला दाताचा स्पर्श कळला पाहिजे, असे कारण दिले जाई. मोजे घातले तर रुग्णाला अपमान वाटेल, असेही म्हटले जाई.

धोक्याची पहिली घंटा एड्सने नव्हे, तर हिपॅटायटिस-बी या काविळीने वाजवली. ही कावीळ रक्तातून पसरते आणि सर्वसामान्य लोकांपेक्षा दंतवैद्यांत तिचे प्रमाण बरेच जास्त आढळत होते. १९७७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अहवाल आला. एका मुखशल्यविशारदाकडून पन्नासाहून अधिक रुग्णांना ही कावीळ झाल्याचे त्यात दाखवले होते. म्हणजे रोग खुर्चीतून डॉक्टरकडे जातो, तसा डॉक्टरकडून खुर्चीतही येतो, हे तेव्हाच कागदावर आले होते. १९८१मध्ये या काविळीच्या लशीला अमेरिकेत परवानगी मिळाली. तरीही उघडे हात झाकले गेले नाहीत. जो रोग आपल्याला ठाऊक आहे असे वाटते, त्याची भीती वाटत नाही.

नवा रोग, जुने वचन

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, साप्ताहिकात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. एड्सची ती पहिली छापील नोंद. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला, १९८५मध्ये रक्तचाचणी आली. आणि चाचणीबरोबर एक नवी गोष्ट आली : अमुक माणूस बाधित आहे, हे आता आधीच कळू शकत होते. ज्यांचे नाव कळले त्यांना दवाखान्यांची दारे बंद होऊ लागली.

तेव्हा जुन्या वचनाची आठवण निघाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ साली, स्थापनेच्याच वर्षी, आचारसंहिता केली होती. महामारी असेल तेव्हा जिवाची जोखीम पत्करूनही वैद्याने काम चालू ठेवावे, हे कर्तव्य तिच्यात स्पष्ट लिहिले होते. विसाव्या शतकात संहितेच्या फेरमांडणीत ते कलम गळून पडले. प्रतिजैविके आली होती, मोठ्या साथी इतिहासजमा झाल्या असे वाटू लागले होते. १९८७ साली याच संस्थेला पुन्हा जाहीर करावे लागले की केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून रुग्णाला नाकारणे नीतीला धरून नाही. अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेनेही हीच भूमिका घेतली.

परंतु नुसत्या वचनाने भीती जात नाही. घरी दोन लहान मुले असलेल्या डॉक्टरला ‘शूर हो’ म्हणणे सोपे असते. खरा फरक पडला तो एका साध्या कार्यपद्धतीने. १९८६मध्ये सीडीसीने दंतवैद्यकासाठी संसर्ग रोखण्याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि १९८७मध्ये ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’ हे तत्त्व मांडले. मराठीत आपण त्याला सार्वत्रिक दक्षता म्हणू. तत्त्व असे : कोण बाधित आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, पुष्कळदा त्या माणसालाही माहीत नसते. म्हणून प्रत्येक रुग्णाचे रक्त बाधित आहे असे धरूनच काम करा. प्रत्येकासाठी नवे हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, प्रत्येकानंतर उपकरणे निर्जंतुक.

या तत्त्वात ‘कोण’ हा प्रश्नच काढून टाकला आहे. माझ्या मते साथीच्या काळातल्या दंतवैद्याच्या कर्तव्याचे मूळ इथे आहे. पण हे समजायला दोन माणसांना फार मोठी किंमत द्यावी लागली.

फ्लोरिडा : खुर्चीत बसलेली मुलगी

डेव्हिड एसर हा फ्लोरिडा राज्यातल्या एका लहान शहरात दंतवैद्य होता. सप्टेंबर १९८७मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. त्याने व्यवसाय चालू ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये किंबर्ली बर्गालिस नावाच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या वरच्या दोन अक्कलदाढा त्याने काढल्या. मे १९८९मध्ये तिच्या तोंडात बुरशीचा पांढरा थर दिसू लागला. डिसेंबरमध्ये तिला न्यूमोनिया झाला आणि एड्स असल्याचे कळले. रोग होण्याचे नेहमीचे कोणतेच कारण तिच्या आयुष्यात सापडेना.

२७ जुलै १९९० रोजी सीडीसीने नाव न देता या प्रकरणाची नोंद छापली आणि देशभर खळबळ उडाली. एसरने आपल्या रुग्णांना उद्देशून पत्र लिहिले, चाचणी करून घ्या असे आवाहन केले. ३ सप्टेंबर १९९० रोजी तो वारला. सुमारे अकराशे रुग्णांच्या चाचण्या झाल्या. अखेर बर्गालिससह सहा रुग्णांना त्याच्या दवाखान्यातच लागण झाली, असा निष्कर्ष निघाला. विषाणूंच्या जनुकीय रचनेची तुलना करून हे ठरवले गेले. साथीच्या तपासात ही पद्धत इतक्या ठळकपणे वापरली जाण्याचे ते आरंभीचे उदाहरण होते.

सप्टेंबर १९९१मध्ये चाकांच्या खुर्चीतून आलेली, अतिशय कृश झालेली किंबर्ली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसली. ती जेमतेम काही वाक्ये बोलली. आरोग्यसेवकांची चाचणी सक्तीची करा, अशी तिची मागणी होती. त्याआधी जुलैमध्ये सिनेटने ८१ विरुद्ध १८ मतांनी एक दुरुस्ती मंजूर केली होती : स्वतः बाधित असल्याचे माहीत असूनही रुग्णाला न सांगता शस्त्रक्रिया करणाऱ्या आरोग्यसेवकाला किमान दहा वर्षांची कैद. त्याचा कायदा झाला नाही, पण लोकभावना काय होती ते या आकड्यांवरून कळते. ८ डिसेंबर १९९१ रोजी किंबर्ली गेली. तेव्हा ती २३ वर्षांची होती.

तपासनीसांनी एसरच्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांकडून तिथली रोजची पद्धत समजून घेतली. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८७पर्यंत तिथे हातमोजे आणि मास्क आलेले होते. पण दोन रुग्णांच्या मध्ये कधीकधी मोजे न बदलता तेच धुतले जात. शस्त्रक्रियेची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये जात. तोंडात घालायचा आरसा वगैरे बहुधा जंतुनाशकात बुडवून काढत, आणि किती वेळ बुडवायचे याला ठरावीक माप नव्हते. कोरण्याच्या यंत्राचे हँडपीस अल्कोहोलने पुसले जाई. एकदाच वापरून टाकायच्या वस्तूही काही वेळा पुन्हा वापरल्या जात. लेखी नियम नव्हते आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही नव्हते.

रोग नेमका कसा गेला, डॉक्टरच्या रक्तातून थेट की उपकरणातून, हे शास्त्रज्ञांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. मात्र पुढे इतर बाधित आरोग्यसेवकांच्या २२ हजारांहून अधिक रुग्णांचा माग काढला गेला, तेव्हा डॉक्टरकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण त्यांत निघाले नाही. म्हणजे एसरचे प्रकरण अपवाद होते. पण ज्या मुलीच्या वाट्याला तो अपवाद आला, तिला टक्केवारी सांगून काय उपयोग?

या प्रकरणाचा परिणाम झाला तो सक्तीच्या चाचणीत नव्हे, तर कार्यपद्धतीत. डिसेंबर १९९१मध्ये अमेरिकेत रक्तातून पसरणाऱ्या रोगांबाबत कामाच्या ठिकाणी पाळायचे नियम कायद्याने बंधनकारक झाले. मालकाने कर्मचाऱ्यांना हातमोजे, मास्क पुरवायचे, काविळीची लस फुकट द्यायची, सुया टाकायला वेगळे डबे ठेवायचे. १९९३च्या शिफारशींत हँडपीस प्रत्येक रुग्णानंतर उष्णतेने निर्जंतुक करावे, असे आले. आज आपल्या गावातला दंतवैद्य आपल्यासमोर पाकीट फाडून उपकरणे काढतो, त्यामागे फ्लोरिडातल्या त्या मुलीच्या दोन अक्कलदाढांचाही वाटा आहे.

बँगोर : कागदावर खरे लिहिणारी बाई

आता दुसरी हकीकत. १६ सप्टेंबर १९९४ रोजी सिडनी ॲबट ही बाई मेन राज्यातल्या बँगोर शहरात डॉ. रँडन ब्रॅगडन यांच्या दवाखान्यात गेली. १९८६पासून तिला एच.आय.व्ही.ची बाधा होती, पण आजाराची लक्षणे नव्हती. नोंदणीच्या कागदावर तिने बाधा असल्याचे लिहिले. डॉक्टरांनी तपासले, एका दातात कीड आहे असे सांगितले, आणि एच.आय.व्ही.बाधितांचे दात आपण दवाखान्यात भरत नाही, हे आपले धोरण आहे, असेही सांगितले. काम इस्पितळात करू. माझी फी जास्त घेणार नाही, इस्पितळाचा खर्च मात्र तुम्ही सोसा, असा त्यांचा प्रस्ताव होता. ॲबटने तो नाकारला आणि दावा लावला.

हे वाचताना मला तो जिना आणि तो पाऊस आठवला. तोच कागद, तोच रकाना, तेच ‘मोठ्या इस्पितळात’.

अमेरिकेत १९९० साली अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा झाला होता. खासगी दवाखानेही त्याच्या कक्षेत येत. सर्वोच्च न्यायालयासमोर मुख्य प्रश्न दोन होते. लक्षणे नसलेला बाधित माणूस या कायद्याच्या अर्थाने अपंग ठरतो का? आणि उपचारातून डॉक्टरला थेट धोका असेल तर कायदा नकार देण्याची मुभा देतो. तर हा धोका ठरवायचा कोणी आणि कशावरून?

पाच विरुद्ध चार मतांनी ॲबटच्या बाजूने कौल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते : हो. दुसऱ्या प्रश्नावर न्यायालय म्हणाले की नकार देणाऱ्या डॉक्टरला मनापासून भीती वाटत होती, एवढे पुरेसे नाही. त्या वेळी उपलब्ध असलेल्या वैद्यकीय, वस्तुनिष्ठ पुराव्यावर ती भीती उभी राहिली पाहिजे. डॉक्टरला पदवी आहे म्हणून त्याच्या अंदाजाला जास्त वजन मिळणार नाही.

इथे निकालातला एक बारकावा सांगतो, कारण तो सहसा सांगितला जात नाही. ब्रॅगडन यांच्या बाजूनेही काही मुद्दे होते. कामाच्या ठिकाणी लागण झाली असावी असे सात दंतकर्मचारी सीडीसीच्या नोंदीत होते, जरी ती लागण तिथेच झाली हे सिद्ध झालेले नव्हते. आणि दंतवैद्य संघटनेचे धोरण धोका मोजून ठरले की केवळ नीती म्हणून, हे स्पष्ट नाही, असे खुद्द न्यायालयानेच नोंदवले. म्हणून धोक्याचा पुरावा पुन्हा तपासायला प्रकरण खालच्या न्यायालयाकडे गेले. डिसेंबर १९९८मध्ये तिथेही ॲबटच जिंकली. म्हणजे न्यायालयाने भीतीला हसून बाजूला सारले नाही, तिला पुरावा मागितला.

पुरावा काय सांगतो? बाधित रक्ताची सुई टोचली, तर हिपॅटायटिस-बीची लागण होण्याचा धोका लस न घेतलेल्याला शंभरात सहा ते तीस. एच.आय.व्ही.चा हजारात सुमारे तीन. ज्या काविळीपायी कोणी कोणाला नाकारत नव्हते, तिचा धोका कितीतरी मोठा होता.

दोन्ही हकीकती एकत्र वाचल्या तर

किंबर्लीच्या बाजूने लोक म्हणत : डॉक्टरची चाचणी करा, बाधित असेल तर काढा. ब्रॅगडन यांची भूमिका होती : रुग्ण बाधित असेल तर इथे नको. वरवर या दोन विरुद्ध बाजू आहेत. पण दोन्हींत एकच समजूत आहे : बाधित माणूस ओळखला आणि दूर ठेवला की आपण सुरक्षित.

ही समजूत दवाखान्यात कशी कोसळते पाहा. ब्रॅगडन यांच्या खुर्चीत ॲबटच्या आधी आणि नंतर किती बाधित माणसे बसली असतील, ज्यांनी लिहिले नाही किंवा ज्यांना स्वतःलाच माहीत नव्हते? त्यांच्यासाठी पुरेशी खबरदारी घेतली जात असेल, तर तीच ॲबटसाठीही पुरेशी होती. आणि ती पुरेशी नसेल, तर डॉक्टर धोक्यातच होते. एका ॲबटला परत पाठवून तो टळत नव्हता. नकाराने डॉक्टरचे रक्षण होत नाही. खरे बोलणाऱ्याला शिक्षा मात्र होते, आणि पुढचा माणूस खोटे बोलायला शिकतो.

तो पुढचा माणूस म्हणजे माझा मित्र, आणि खोटे शिकवणारा मी. त्या दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांनी मोजे बदलले होते की नाही, हे मी पाहिलेही नव्हते. दाढ निघाल्याच्या आनंदात आम्ही घरी आलो. आमच्यानंतर त्या खुर्चीत कोण बसले, हा विचार पुष्कळ वर्षांनी, एसरच्या दवाखान्याची माहिती वाचताना माझ्या मनात आला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडे

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली प्रकरणे १९८६मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांच्या कामातून उघड झाली. महाराष्ट्र पुढे सर्वाधिक बाधित राज्यांत मोजला गेला. सरकारी दवाखान्यांत मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. माझ्या मित्राला तीन वर्षे कमी पडली.

डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या नियमांत, साथीच्या वेळी स्वतःला लागण होईल या भीतीने कर्तव्य सोडू नये, असे स्पष्ट आहे. पण खऱ्या अर्थाने पाया घातला तो २०१७च्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. हा कायदा वाचताना मला वाटले की फ्लोरिडा आणि बँगोर दोन्ही त्यात एकत्र आले आहेत. एका कलमाने बाधित व्यक्तीला आरोग्यसेवा नाकारणे किंवा मध्येच बंद करणे याला मनाई केली. दुसऱ्याने, स्वतःची बाधा सांगायची सक्ती कोणावर करता येत नाही असे ठरवले. अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा. आणि तिसऱ्याने आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेवर जबाबदारी टाकली, की संसर्गाची शक्यता असलेल्या कामगारांना सार्वत्रिक दक्षतेची साधने द्या, प्रशिक्षण द्या, सुई टोचली तर तातडीचा औषधोपचार द्या.

हे तिसरे कलम मला फार मोलाचे वाटते. दंतवैद्याकडून कर्तव्य मागताना आपण त्याच्या हाताखालच्या मुलीला विसरतो. वापरलेल्या सुया उचलते ती, उपकरणे धुते ती. मोजे, लस, प्रशिक्षण यांतले तिला काय मिळाले, हा दंतवैद्याच्या जबाबदारीचाच भाग आहे.

२०२० : सगळ्यांसाठी बंद दार

मार्च २०२०मध्ये हा प्रश्न नव्या रूपात आला. करोना रक्तातून नव्हे, श्वासातून पसरत होता. सार्वत्रिक दक्षता होती, पण ती रक्तासाठी आखलेली. साधा मास्क हवेत तरंगणारे बारीक कण पुरेसे अडवत नाही. मार्चच्या मध्याला अमेरिकन दंतवैद्य संघटनेने तातडीची नसलेली कामे पुढे ढकला असे सांगितले. आपल्याकडे २५ मार्चला टाळेबंदी झाली. मे महिन्यात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाने बंद, पण फोनवरून सल्ला चालू, रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार.

त्या एप्रिलमध्ये माझ्या आईची दाढ ठणकू लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद ठेवला होता. मी फोन केला तेव्हा मनात १९९८चा राग होताच. त्या म्हणाल्या, “काका, आजींचं वय बघता आत्ता त्यांना इथे आणणं हाच जास्त धोका आहे. सूज गळ्याकडे उतरली, गिळताना त्रास झाला, ताप चढला, तर रात्री दोन वाजता फोन करा, मी दार उघडेन.” रोज संध्याकाळी त्या फोन करून सूज विचारत. गोळ्यांवर तीन आठवडे निघाले, मग आईला त्यांनीच पहिल्या वेळेला बोलावले. अंगात पूर्ण पोशाख, एन-९५ मास्क, खिडक्या सताड उघड्या, आणि दोन रुग्णांच्या मध्ये मोठा अवकाश.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की हा नकार तो नकार नव्हे. त्यांनी दार बंद केले ते सगळ्यांसाठी, काही काळापुरते, पुराव्यावरून आणि तातडीच्या रुग्णाला वाट ठेवून. कोणाचे नाव पाहून नाही. आणि बंद काळाचा उपयोग त्यांनी नवी खबरदारी उभी करायला केला. त्या खबरदारीचा उपयोग होतो हेही पुढे दिसले. जून २०२०मध्ये अमेरिकेत सुमारे २,२०० दंतवैद्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यातले करोनाचे प्रमाण शेकडा एकाहून कमी होते. ज्या धंद्याला सर्वाधिक धोक्याचा म्हटले गेले होते, त्याची ही स्थिती होती.

दार उघडे असण्याचे महत्त्व २०२१च्या उन्हाळ्यात पुन्हा दिसले. करोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, होऊ लागली. पुष्कळांची पहिली तक्रार दात हलतात, वरचा जबडा दुखतो, टाळूवर काळा डाग आलाय, अशी होती. ती दंतवैद्यानेच आधी पाहिली. किंबर्ली बर्गालिसच्या रोगाची पहिली खूणही तोंडातच दिसली होती. ज्याला खुर्चीत बसूच दिले नाही, त्याच्या तोंडातली खूण कोण वाचणार?

जिन्यावरचे उत्तर

आता त्या दोन प्रश्नांकडे वळतो. पहिल्या डॉक्टरांचे चुकले. मात्र भित्रे होते म्हणून चुकले, असे मी आता म्हणत नाही. भीती त्यांचा हक्क होता. चुकले ते हे की त्या भीतीने त्यांनी आपली कार्यपद्धती सुधारली नाही, फक्त एक रुग्ण वगळला. त्या दिवशी रकाना कोरा ठेवून जितके लोक त्यांच्या खुर्चीत बसले, त्यांच्याबाबत ते बिनघोर होते.

माझेही चुकले. न सांगण्याचा हक्क आज कायदा देतो, आणि तो योग्यच आहे. पण आजार सांगण्यात रुग्णाचेही हित असते. चालू औषधे, रक्त थांबण्याची क्षमता, जखम भरण्याचा वेग या सगळ्याचा दाढ काढण्याशी संबंध येतो. मित्राला मी ते हित सोडायला लावले, कारण खरे बोलून त्याला काय मिळाले हे मी नुकतेच पाहिले होते.

गेल्या वर्षी माझा स्वतःचा दात भरायचा होता. छापील कागद आजही असतो, शेवटी तोच रकाना असतो. मधुमेह लिहिला, रक्तदाबाची गोळी लिहिली. मग आत जाऊन, थोडा संकोच करून, डॉक्टरबाईंना विचारले, “माझ्या आधीचं हँडपीस कुठे आहे?” त्यांना राग आला नाही. त्यांनी ऑटोक्लेव्हकडे बोट दाखवले, आणि माझ्यासमोर नवे पाकीट फाडले. मी खुर्चीत मागे रेललो आणि तोंड उघडले.